नळाच्या वेळचा भोंगा

स्मरणिकेचं काम लतिका बिवलकरच्या गळ्यात पडलं ते तिचं अक्षर वळणदार होतं म्हणून. साठ सालचा मार्च महिना होता. मुंबईसह महाराष्ट्राचं राज्य होणार हे पक्कं झालं होतं, मे महिन्याची पहिली तारीख लोकांच्या तोंडी बसली होती, आणि लालबाग-परळच्या विभाग समितीला वाटत होतं की आपल्या भागात काय काय घडलं ते छापून ठेवावं. समितीचे चिटणीस माधवराव सामंत हे दादरच्या ज्या मुलींच्या शाळेत लतिका इतिहास शिकवायची, तिथेच मराठी शिकवायचे. एका दुपारी शिक्षकांच्या खोलीत त्यांनी सुतळीनं बांधलेला गठ्ठा तिच्यापुढे ठेवला.

“बेचाळीस जणांनी आठवणी लिहून पाठवल्यात. शुद्धलेखन सुधारायचं, पाल्हाळ काढायचं, सुवाच्य प्रत करायची. दहा एप्रिलला प्रेसमध्ये द्यायचंय.”

“बेचाळीसही छापणार?”

“छे! पंचवीसएक. आणि हो, त्यात एका बाईंची वही आहे. शंभर पानी, भरून टाकलीय सगळी. बायकांचंही काही असावं म्हणून घ्यायची. चार-सहा ओळी काढा त्यातल्या, पुरे.”

लतिकानं गठ्ठा ठाकूरद्वारला घरी नेला. घरात ती आणि तात्या, दोघंच. तात्या म्हणजे तिचे वडील. एका मोठ्या कचेरीच्या दप्तरखान्यात तीस वर्षं काढून निवृत्त झालेला माणूस. कुठलीही गोष्ट कागदावर आली की त्यांना ती खरी वाटायची, आणि कागदावर नसली की ते मान हलवायचे. चळवळीच्या पाच वर्षांतली वर्तमानपत्रांची कात्रणं त्यांनी खळीनं चिकटवून चार जाड वह्या केल्या होत्या.

पुरुषांच्या आठवणी वाचता वाचता लतिकाला हसू यायला लागलं. एकेचाळीस जण, आणि सगळे मोर्चाच्या पहिल्या रांगेत! एवढी लांब पहिली रांग मुंबईच्या कुठल्या रस्त्यावर मावली असती, कोण जाणे. पण माणसं खोटारडी नव्हती. जे घडलं ते प्रत्येकाच्या अंगावर आलेलं होतं, तेव्हा आपणच पुढे होतो असं वाटणं साहजिक होतं. तिनं पाल्हाळ काढलं, ऱ्हस्व-दीर्घ नीट केले, आणि चौथ्या दिवशी ती वही उघडली.

मागच्या पुठ्ठ्यावर पाढे छापलेली शाळकरी वही. वर नाव: सुंदराबाई रामजी कासारे, हरबाची चाळ, मागची ओळ. अक्षर मोठं, एकेक काना जोर लावून ओढलेला. बाई दुपारच्या प्रौढ वर्गात चाळिशीनंतर लिहायला शिकल्या होत्या, असं त्यांनीच पहिल्या पानावर लिहिलं होतं. लतिका काढण्याजोग्या चार ओळी शोधत पानं उलटत गेली आणि छप्पन्न सालच्या जानेवारीपाशी थांबली.

“संक्रांत शनवारी झाली. मग बुधवारी हे झालं. घरात तिळगूळ शिल्लक होते म्हणून ध्यानात आहे. पुरुष सगळे मैदानावर सभेला गेले होते. चाळीत बाया, पोरं आणि म्हातारी. चार वाजता नळ आला. माझी कळशी अर्धी भरली तेव्हा भोंगा झाला. अवेळी झाला. गिरणी चालू झाली काय बघायला आम्ही सगळ्या ग्यालरीत धावलो. तर तिठ्यावर पोलिसांच्या लॉऱ्या. मग ज्याची त्याची पोरं ओढून आत घेतली. लॉऱ्या आत आल्या तेव्हा अंगणात माझी कळशी आणि एक कुत्रा.”

लतिकानं हे तीनदा वाचलं. मग लाल पेन्सिल उचलली. कारण त्या आठवड्यात मुंबईतल्या गिरण्या बंद होत्या. शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं ते. बंद गिरणीचा भोंगा वाजेल कसा?

पेन्सिल टेकवण्याआधी तिनं गठ्ठ्यातून गणपतराव शेडग्यांची आठवण पुन्हा काढली. गणपतराव हे त्याच चाळीतले पुढारी, समितीचे सभासद. त्यांनी लिहिलं होतं: “पोलिसांनी आमच्या गल्लीत बेछूट गोळीबार केला, परंतु एकही बळी पडला नाही, कारण आम्ही कार्यकर्त्यांनी आधीच घरोघर सूचना देऊन गल्ली मोकळी करवून घेतली होती.”

“तात्या, त्या बुधवारचं काही आहे का हो तुमच्याकडे? हरबाची चाळ?”

तात्यांनी दुसरी वही काढली, चष्मा पुसला, बोट फिरवत गेले. “हे बघ. ‘लालबाग भागात काही ठिकाणी गोळीबार.’ चाळीचं नाव नाही. आणि हे, ‘सर्व गिरण्या आजही बंद.’ झालं तर मग. बाईंचा गोंधळ झाला असणार. चार वर्षांनी लिहिलंय त्यांनी.”

“कळशी अर्धी भरली होती हे ज्यांना आठवतं, त्यांचा भोंग्यात गोंधळ होईल?”

तात्यांनी वही मिटली नाही. त्यांनी ते कात्रण पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, “जाऊन विचार. कागदात शंका आली की माणसाकडे जावं. आम्ही कधी गेलो नाही, पण जायला हवं होतं.”

शनिवारी शाळा सुटल्यावर लतिका हरबाच्या चाळीत गेली. गल्लीच्या एका तोंडाला गिरणी, दुसऱ्या तोंडाला तिठा, मध्ये समोरासमोर चाळीच्या दोन ओळी. पुढच्या ओळीत साताऱ्याकडचे आणि मालवणकडचे लोक. मागच्या ओळीत सगळी बौद्ध कुटुंबं, बहुतेक रत्नागिरीकडची. मधलं अंगण एकच, पण नळ दोन, आणि दोन्ही ओळींतल्या बायकांचं एकमेकींकडे येणं-जाणं बेताचंच. सुंदराबाई एका प्रसूतिगृहात आया होत्या; नुकत्याच कामावरून येऊन भाजी निवडत बसल्या होत्या. काळ्यासावळ्या, ठसठशीत बाई. वहीची बाई आलीय म्हटल्यावर त्यांनी पदर सावरला आणि चटई पसरली.

“चुका लई असतील,” त्या म्हणाल्या.

“चुका नाहीत. एक शंका आहे. भोंग्याची.”

“व्हय. काय त्याचं?”

“गिरण्या बंद होत्या ना तेव्हा?”

“बंदच व्हत्या. आमच्या ह्यांनी आठ दिस गिरणीचं तोंड बघितलं न्हाई.”

“मग भोंगा कसा झाला?”

सुंदराबाईंनी भाजी बाजूला सारली. “ते मला काय ठावं? म्या गिरणी चालवते व्हय? भोंगा झाला, म्या ऐकला, म्हणून लिवला. का झाला ते ठाव न्हाई, म्हणून ते लिवलं न्हाई.”

वर्गात पोरींना इतिहास शिकवताना हे इतकं सरळ लतिकाला कधी सांगता आलं नव्हतं.

“चार वाजले होते हे नक्की?”

“नळ आल्ता म्हणजे चारच. बाई, नळ घड्याळाहून पक्का.” त्या उठल्या आणि मोरीतून पितळेची कळशी घेऊन आल्या. पोटाच्या जरा वर दोन्ही बाजूंना शिशाचे डाग दिसत होते. “नळाखाली ऱ्हायलेली ती हीच. गोळी हितनं शिरली, तितनं निघाली. डाक देऊन घेतला. रोजचं पाणी हिच्यातच भरते. आता बोला.”

लतिकानं डाक दिलेल्या जागेवरून बोट फिरवलं. त्या दिवशी नळावर पाणी भरायला दुसरं कोण होतं, असं तिनं विचारलं, तर सुंदराबाई म्हणाल्या, “माझी कांता व्हती, नऊ वर्साची. तिला दंडाला धरून ओढली, तिचा दंड चार दिस दुखत व्हता. आणि माझं खोटं वाटत असंल तर पुढच्या ओळीत जावा. तिथली मीराबाई काय माझी मैतरीण न्हाई. तिला विचारा.”

त्यात खोच होती, पण सल्ला सोन्यासारखा होता. ज्या दोघी एकमेकींच्या घरी पाणी पीत नाहीत, त्या मिळून गोष्ट रचणार नाहीत.

मीराबाई मालवणकडच्या, जाडजूड, आवाज खणखणीत. लतिकानं भोंग्याचं नाव काढायचा अवकाश, त्यांनी कमरेवर हात ठेवले.

“माका बरां आठवता! दोनदा झालो. माका वाटला, गिरणी चालू झाली आणि आमचो हो गुपचूप कामार गेलो. मैदानार जातंय म्हणान सांगान गेल्लो ना! घराक इल्यार मी तेका ताट नाय वाढूक. दोन दिस बोलूक नाय.”

“मग खरं कळलं कधी?”

“तिसऱ्या दिसा. पण तो भोंगो कोणी दिल्यान ता सगळ्यांक ठावक आसा. तो कुशाबा! सगळो गिरणगाव भायर आणि ह्यो एकटो भितूर, बॉयलरार. मालकाचो माणूस. लोकांक भुलवून कामार बोलावूक तेनाच भोंगो दिल्यान.” मीराबाईंनी ओळीच्या टोकाच्या बंद दाराकडे हनुवटी केली. “तेच्या घराक आमी हळदीकुंकवाक बोलावणव नाय.”

लतिका घरी परतली ती डोक्यात भुंगा घेऊन. पुरुषांच्या लिहिण्यात भोंगा नव्हताच. कारण पुरुष चाळीत नव्हतेच, ते मैदानावर होते. बायका म्हणत होत्या भोंगा झाला, आणि तो त्यांनी एका माणसाच्या गुन्ह्यांत जमा करून टाकला होता. गेली चार वर्षं तो भोंगा चाळीत सगळ्या बायकांना ठाऊक होता आणि समितीत कोणालाच नव्हता.

“तात्या, दुसरी पाळी किती वाजता लागते गिरणीत?”

“साडेतीनला.”

“मग कामावर बोलवायचा भोंगा साडेतीनच्या आत व्हायला हवा. चार वाजून गेल्यावर कोण कोणाला बोलावतं?”

तात्यांनी हातातला पेपर खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, ते आपणहून कोट घालून तयार झाले. बापलेक लालबागला गेले. चळवळीत पोलिसांच्या लॉऱ्या गिरण्यांच्या आवारात उभ्या असायच्या असं तात्यांच्या कात्रणांत होतं, म्हणून त्यांनी खिशातलं घड्याळ काढलं आणि गिरणीच्या मागच्या फाटकापासून वळसा घालून तिठ्यापर्यंत, तिथून गल्लीत, अशी चाल मोजली. लोक बघत होते. ह्या म्हाताऱ्याचं काहीतरी हरवलंय असं त्यांना वाटलं असावं. “चालत सहा मिनिटं,” तात्या म्हणाले, “म्हणजे लॉरीला दीड-दोन. पोरं ओढून आत घ्यायला एवढा वेळ पुरतो. आणि बघ, बॉयलरखान्याच्या त्या जिन्यावरून गिरणीचं मागचं अंगण अख्खं दिसत असणार.” बोलताना त्यांच्या गालांवर रंग चढला होता. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी असं काही केलं नव्हतं.

कुशाबाची बायको राधाबाई चाळीत कोणाशी बोलत नाही, पण हिंदमाताच्या एका लुगड्यांच्या दुकानात मागच्या बाजूला बसून पोलक्यांना काजं-बटणं करते, एवढं लतिकानं माहीत करून घेतलं. सोमवारी शाळा सुटल्यावर ती तिथे गेली. कापडांच्या ढिगाआड एक बारीक, सरळ कण्याची बाई मान खाली घालून सुई चालवत होती.

“तुमाला कुणी पाठिवलं?” राधाबाईंनी वर न बघता विचारलं.

“कोणी नाही. मी इतिहास शिकवते. मला फक्त कळत नाहीये, कामावर बोलवायचा भोंगा पाळी लागून अर्धा तास उलटल्यावर कोण वाजवेल?”

सुई थांबली. राधाबाईंनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं.

“चार वर्सांत हे कुणी इचारलं न्हाई,” त्या म्हणाल्या.

मग त्या हळूहळू बोलल्या, मध्येच काज पुरं करत, मध्येच थांबत. बॉयलर एकदम विझवून चालत नाही म्हणून एका माणसाला आत राहावंच लागायचं. त्या खेपेला चिठ्ठी कुशाबाच्या नावाची निघाली. बाहेर सगळ्यांनी त्याला फितूर ठरवलं. त्या बुधवारी दुपारपासून पोलिसांच्या लॉऱ्या गिरणीच्याच मागच्या अंगणात उभ्या होत्या. कुशाबा जिन्यावर बिडी ओढत असताना पोलिसांच्या साहेबानं रखवालदाराला विचारलेलं त्यानं ऐकलं: हरबाची चाळ कुठली? लॉऱ्या सुरू झाल्या. गेटाबाहेर पडायची सोय नव्हती. त्यानं आत जाऊन भोंग्याची तार ओढली.

“म्यानेजरनं इचारलं तर सांगितलं, वाफ जास्ती झाल्ती, काढली. त्यानं इस्वास ठेवला का न्हाई देव जाणे. पर नोकरी ऱ्हायली.”

“चाळीत का नाही सांगितलं?”

“कुणाला? त्याच सांच्याला पोरांनी दारावर श्याण मारलं. तवा सांगायचं, म्या तुमची लेकरं वाचिवली? ह्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच.” सुई पुन्हा चालू झाली. “म्या दुपारच्या वर्गाला जात व्हते. बाराखडी झाल्ती, जोडाक्षरं लागली व्हती. त्या आठवड्यानंतर वर्गात माज्या चटईवर कुणी बसंना. चार दिस एकटी बसले. मग सोडून दिलं.”

कुशाबाला विचारल्याशिवाय काही लिहिणार नाही, असा शब्द लतिकानं दिला. दोन दिवसांनी राधाबाईंनी त्याला दुकानाशेजारच्या हॉटेलात आणलं. उंच, वाकलेला माणूस. चहा बशीत ओतत त्यानं चाळीतल्या बायकांनी सांगितलेलं सगळं ऐकून घेतलं.

“नाव नगं,” तो म्हणाला. “दोन वर्सं ऱ्हायलीत नोकरीची. आनि येक चूक हाय, बाई. दोनदा न्हाई. म्या येकदाच वढला. तार वढली, वीस मोजलं, सोडली.”

“मीराबाई म्हणतात दोनदा.”

“मग त्या ऐकत व्हत्या, म्या वाजवत व्हतो. काय खरं मानायचं त्ये तुमी ठरवा.” तो जरासा हसला, आणि चार वर्षांत बहुधा पहिल्यांदाच ह्या गोष्टीवर हसला असावा, कारण राधाबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या.

समितीची बैठक माधवरावांच्या घरी झाली. लतिकानं सुंदराबाईंची पानं वाचून दाखवली. गणपतराव शेडगे लाल झाले.

“म्हणजे मी खोटं लिहिलं म्हणता?”

“नाही, गणपतराव. तुम्ही सकाळी सूचना दिल्याच असतील. पण चार वाजता अंगणात पोरं खेळत होती आणि नळावर बायका होत्या. तुमची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचली होती की नव्हती, ते चाळीत असलेल्या माणसालाच ठाऊक असणार. तुम्ही तेव्हा कुठे होतात?”

“मैदानावर. पहिल्या रांगेत!”

माधवरावांना हसू आवरेना. पण तेही म्हणाले, “बाई, छापील पुरावा काहीच नाही याला. उद्या कोणी विचारलं तर?”

“तर सांगायचं, पुढच्या ओळीतली बाई आणि मागच्या ओळीतली बाई, दोघी एकमेकींकडे जात-येत नाहीत. एकीला कळशी आठवते, एकीला नवऱ्याशी झालेलं भांडण आठवतं. भोंगा दोघींना आठवतो. वर्तमानपत्राचा माणूस त्या गल्लीत आलाच नव्हता. त्याच्या लिहिण्यात भोंगा कुठून येणार?”

“पण भोंगा दिला कोणी?” गणपतरावांनी विचारलं.

“ते मला लिहिता येणार नाही,” लतिका म्हणाली. तिनं खोटं सांगितलं नाही, आणि खरंही सांगितलं नाही. ती गोष्ट तिला रात्रभर टोचत राहिली.

शेवटी असं ठरलं की गणपतरावांचा मजकूर तसाच राहावा आणि त्याच्या लगेच पुढे सुंदराबाईंची अडीच पानं त्यांच्या नावानं छापावीत. माधवरावांनी ‘व्हतं-न्हाई’ काढून टाकायला सांगितलं तेव्हा कळलं की सुंदराबाईंनी वहीत कुठे ‘व्हतं’ लिहिलंच नव्हतं. बोलायची भाषा वेगळी आणि लिहायची वेगळी, हे त्यांनी वर्गात मन लावून शिकून घेतलं होतं. लतिकानं लाल पेन्सिल लावली ती फक्त ‘ग्यालरीत’ला. मग तोही शब्द खोडरबरानं पूर्ववत केला.

एक मे उजाडला. रस्त्यारस्त्यांत कमानी, गिरण्यांवर दिवे, पेढे. स्मरणिका हरबाच्या चाळीत पोहोचली आणि दुपारी मागच्या ओळीच्या गॅलरीत सुंदराबाईंनी आपलीच पानं मोठ्यानं वाचली. आपलं नाव छापलेलं बघून त्यांचा आवाज पहिल्या ओळीला कापला, मग लागला. पुढच्या ओळीतल्या बायकाही कठड्याशी आल्या. वाचून झाल्यावर मीराबाई तिकडूनच ओरडल्या, “दोनदा झालो तो! एकदाच कित्या लिवलंस?”

सुंदराबाई पुन्हा त्याच ओळीवर गेल्या होत्या. चार वाजता नळ. मग भोंगा. मग लॉऱ्या. स्वतःच्या अक्षरात हे त्यांनी वीस वेळा वाचलं असेल, पण छापलेलं वाचताना ते दुसऱ्या कोणीतरी लिहिल्यासारखं दिसत होतं, आणि म्हणून नीट दिसत होतं. लतिका त्यांच्याशेजारी बसली होती. त्यांनी तिच्याकडे वळून हळूच विचारलं, “बाई, ह्यो भोंगा गिरणी चालू करायचा न्हवता. व्हय ना?”

लतिकानं मांडीवरची स्मरणिका मिटली.

“तुमी नका सांगू. माजं मला कळलं. आत त्यो येकटा कुशाबाच व्हता.”

त्या उठल्या. जिना उतरल्या, अंगण ओलांडलं, पुढच्या ओळीचा जिना चढल्या. त्या जिन्यावर त्यांना चढताना फारसं कोणी पाहिलं नव्हतं. टोकाच्या दारावर त्यांनी थाप मारली. लतिका मागोमाग गेली.

राधाबाईंनी दार अर्धंच उघडलं.

“राधाबाई, म्या चुकले,” सुंदराबाई म्हणाल्या. “वर्गात तुज्या चटईवरनं पयल्यांदा उठले ती म्याच.”

“ठावं हाय मला.”

“दारात कुणी येत न्हाई म्हंजे काय, ते मला कुणी शिकवायची गरज न्हवती. तरी म्या त्येच केलं.”

राधाबाईंनी दार ना लावलं ना उघडलं. “चार वर्सं,” त्या म्हणाल्या. “तुजी वही भरली, सुंदरे. छापून आली. माजी जोडाक्षरांपाशी ऱ्हायली.”

“तू सांग. म्या लिवते. काय झालं त्ये सगळं, म्या काय केलं त्ये बी. तुजा नवरा गिरणीत आत ऱ्हायला म्हणून म्या माज्या वहीत तुमाला फितूर लिवलंय, ते पान म्या फाडून टाकते.”

“फाडू नगं.” राधाबाईंचा आवाज एकदम चढला. “तवा तू तसंच समजत व्हतीस. ते तसंच ऱ्हाऊ दे, लोकास्नी कळू दे काय लिवलं व्हतं ते. आनि माजं तू कशाला लिवशील? माजं म्या लिवीन. किती दिस लागत्यात?”

“मला दोन वर्सं लागली.”

“मग दोन वर्सं.”

आणि तेव्हा दार पुरतं उघडलं.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगायचं तर, चाळीला हळूहळू कळलं. कुशाबाला कोणी हार घातला नाही, आणि त्यानं घालूही दिला नसता. पण गणपतराव शेडगे एका सकाळी त्याच्या दारात उभे राहिले, घसा खाकरला, हवापाण्याचं बोलले आणि परत गेले. मीराबाई मात्र शेवटपर्यंत दोनदा यावरच अडून राहिल्या. एकदा की दोनदा, लतिकानं तात्यांना विचारलं होतं, तेव्हा ते म्हणाले, “दोन्ही लिहून ठेव. पुढच्या कोणाला तरी कळेल, नाहीतर नाही कळणार.” त्यांच्या तोंडून हे ऐकून ती चाट पडली.

राधाबाई दुपारच्या वर्गात पुन्हा जाऊन बसल्या, सुंदराबाईंच्या शेजारी. बासष्ट सालच्या दिवाळीनंतर, कुशाबाची नोकरी संपून दोन महिने झाले असताना, त्यांनी लतिकाला दादरच्या शाळेत येऊन एक वही दिली. लतिकानं घाईघाईनं छप्पन्नचा जानेवारी शोधला. त्या आठवड्याला चार ओळी होत्या. भोंग्याचा एक शब्द, कुशाबाचं नावसुद्धा नाही. बाकीची पानं लहानपणी कोरेगावच्या ओढ्यावर म्हशी नेण्याबद्दल होती, मुंबईत पहिल्यांदा आल्यावर दादरच्या बाजारात वाट चुकल्याबद्दल, जगलं नाही त्या पहिल्या बाळाबद्दल, आणि दारात कोणी न येण्याच्या दुपारींबद्दल, ज्या त्यांनी एकेक करून, वार घालून लिहिल्या होत्या. हे सगळं लतिकानं विचारलंच नव्हतं.

मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली. पुढचा तास मोकळा होता. तिनं वही पहिल्या पानावर आणली आणि सावकाश वाचायला सुरुवात केली.